भूल देणाऱ्या मॅडमना जाहीर थँक्यू

मॅडम, बाबांची स्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी) करणाऱ्या सरांचे आभार आम्ही तिथल्या तिथे मानले, तुमचे राहूनच गेले, कारण भूलवाले डॉक्टर म्हणजे इंजेक्शन देऊन जाणारे एवढंच आमच्या डोक्यात होतं.

तुम्ही बाबांना विचारलंत, घोरता का? ते म्हणाले छे! तुम्ही सरळ आईकडे वळलात. मग काय, तिने सगळंच काढलं, झोपेत मध्येच श्वास थांबतो, दचकून उठतात, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या घेतात (बाबांचा चेहरा बघण्यासारखा झालेला). वय, वजन, बीपीची गोळी हे सगळं विचारून झालं, तोंड उघडून घसा बघितलात, वर टेप लावून मानेचा घेरही मोजलात. पोटाच्या तपासणीला मानेचं माप कशाला, असं मी जरा खोचकच विचारलं, तरी तुम्ही न चिडता समजावलंत की प्रोपोफोल या भुलेच्या औषधाने श्वास मंदावतो, घशाचे स्नायू सैल पडतात, आणि जाड मानेच्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाची श्वासाची वाट त्यात पटकन बंद होते, त्यात दुर्बीणही तोंडातूनच जाणार.

कोविडपासून आम्ही सगळे ऑक्सिमीटरचे एक्स्पर्ट, त्यामुळे बोटाला क्लिप लावली की झालं असं वाटायचं. पण नाकातून ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही तो आकडा काही वेळ 98-99 दाखवत राहतो आणि एकदा 90 च्या खाली गेला की भराभर घसरतो, हे तुमच्याकडूनच कळलं. म्हणून तुम्ही कॅप्नोग्राफपण लावलात, तो बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड बघतो, श्वास थांबला की लगेच रेघ सपाट. बाबांची तशी झालीच एकदा, तुम्ही जबडा पुढे उचललात, श्वास परत सुरू, आणि ऑक्सिजन 95 च्या खाली गेलाच नाही. हे तुम्ही नंतर इतकं सहज सांगितलंत की आम्हाला त्यातलं गांभीर्य घरी आल्यावर कळलं.

खरं सांगू, मला त्या मशीनपेक्षा तुमचं ते आईला विचारणं जास्त भारी वाटलं. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काय कळणार, पण हे सुचायला हवं ना!

तुम्ही सांगितलेली स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी) केली, ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा त्रास बराच निघाला, रात्री श्वासासाठीचा मास्क लावायला सुरुवात झालीय, कुरकुर चालूच आहे. आणि पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली तर आधी दाखवा म्हणून दिलेली तुमची चिठ्ठी फाईलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवलीय. थँक्यू मॅडम!