म्झे, तुम्ही ती काठी आजीबाईंच्या हातात दिलीत

म्झे, सप्रेम नमस्कार.

(म्झे म्हणजे स्वाहिलीत वडीलधाऱ्या माणसाला आदराने मारायची हाक.) हे पत्र माझी मुलगी तुम्हाला स्वाहिलीतून वाचून दाखवेल. माझी स्वाहिली बाजारहाटापुरतीच, मनातलं बोलायचं तर मला मराठीच लागते. शिवाय नैरोबीतल्या आणि तिकडे पुण्या-साताऱ्यातल्या ज्या घरांनी या वाळूच्या बंधाऱ्याच्या कामाला हातभार लावला, त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

खरं सांगते, केनियाच्या कोरड्या माकुएनी भागातल्या त्या गावासाठी पुन्हा पैसे काढायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. आधी एका मोठ्या संस्थेने तिथे बोअर मारली होती. मांडव पडला, फीत कापली, फोटो निघाले. पाणी लागलं ते खारट. पुढे डिझेलचा पंप बिघडला, तेव्हा सुटा भाग कुणी आणायचा हेच ठरलेलं नव्हतं. फोन केला की एकच उत्तर, 'आमच्याकडून प्रकल्प पूर्ण झालाय.' टाकीवरचं त्यांचं नाव मात्र अजून चकचकीत आहे! बाया पुन्हा गाढवांवर पिवळे कॅन लादून नदीकडे. (आफ्रिकेला हे नवं नाही म्हणा. मुलांच्या खेळायच्या चक्रीवर चालणाऱ्या पंपांचं २००६ च्या सुमारास केवढं कौतुक झालं, आणि मोझांबिकमध्ये ते जड चाक शेवटी बायाच ढकलत बसल्या.)

बंधाऱ्याची जागा बघायला तुम्ही आलात त्या दिवशीही गावाने पाहुण्यांसाठी झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही बसलो. तुम्ही सरळ कोरड्या नदीत उतरलात, वाळूत बसकण मारलीत, काठीने नदीची वळणं काढलीत आणि ती काठी शेजारच्या आजीबाईंच्या हातात दिलीत. सप्टेंबरात झिरा कुठे खणता, एवढंच विचारलंत.

आजीबाई लाजल्या. मग त्यांनी एक फुली मारली. दुसरीने ती पुसून थोडी वर मारली, आणि बघता बघता सगळ्या जणी भांडायलाच लागल्या. कुठल्या वळणावर हातभर उकरलं की पाणी लागतं, कुठे पुरुषभर खणलं तरी नुसता चिखल, कुठल्या खडकामागे गाढवं आपणहून खुरांनी वाळू उकरतात. तुम्ही मध्ये चकार शब्द काढला नाहीत. नकाशावर ठरलेली जागा रस्त्याला लागून होती, ट्रकच्या सोयीची. बंधारा झाला तो आजीबाईंच्या फुलीवर, कारण खडक तिथेच वर आलेला होता.

मी माण तालुक्यातली. उन्हाळ्यात झिऱ्याशी वाटी घेऊन पाणी साचायची वाट बघणारी आई मी पाहिली आहे. तिला कुठल्या साहेबाने कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या काठीने मला का रडू आलं, हे तेव्हा तुम्हाला सांगता आलं नाही, म्हणून आज सांगते.

हा वाळूचा बंधारा म्हणजे काय, ते आमच्या लोकांसाठी थोडं सांगायला हवं. पावसाळी नदीत खडकापर्यंत पाया नेऊन भिंत घालायची. पुराबरोबर येणारी जाड वाळू भिंतीमागे साठते आणि तिच्या पोटात चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त पाणी राहतं. वरची वाळू सुकली तरी खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, डासही होत नाहीत. केनियातल्याच मचाकोसच्या कोला भागात जोशुआ मुकुस्या आणि त्यांचा उटूनी नावाचा गावकऱ्यांचा गट १९७८ पासून या मार्गाला लागला. सिमेंट-लोखंड बाहेरचं, दगड, वाळू आणि घाम गावाचा. तिथल्या कांबा लोकांची म्वेथ्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम उरकायची आपली इर्जिकच. १९३० च्या दशकात गोऱ्या अधिकाऱ्यांनी हाच मुलूख वाया गेलेला ठरवला होता. त्यांनी सक्तीने बांध घालायला लावले तेव्हा लोकांनी दाद दिली नाही, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच लोकांनी म्वेथ्या करून डोंगरउतार बांधांनी भरून टाकले. मदत करणाऱ्यांनी एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. पैसेवाले पुष्कळ भेटतात हो, पण ज्याचं दुखणं त्याला आधी विचारणारा माणूस भेटायला नशीब लागतं. तुम्ही मोठे इंजिनिअर नाही, गवंडीकाम करत इथवर आलात, हे तुम्हीच हसत सांगितलंत. तुमच्यासारखे दोन-चार गवंडी त्या मोठ्या संस्थेने ठेवले असते तर!

आता पहिले पूर येऊन गेलेत. वाळू अजून भिंतीच्या माथ्याला टेकलेली नाही, पण काठावर सुकुमाविकी या पालेभाजीचे वाफे लागलेत आणि आजीबाईंनी आंब्याची रोपं धरलीत. गावातल्या गटाच्या भिशीतून सिमेंटसाठी पैसे बाजूला पडतायत. वरच्या वळणावर दुसरा बंधारा घालायचा म्हणतात. जागा तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलीय असं ऐकलं. काठी तुम्हीच दिली होतीत, तेव्हा रागावू नका, आणि नैरोबीला आलात की आमच्याकडे जेवूनच जा.

तुमची ऋणी,
नैरोबीतली एक माणदेशी बाई