बाजारपेठेची आकारणी बाजारपेठेच्या संमतीने व्हावी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : जुन्या बाजारपेठांच्या सुधारणेसाठी विशेष मालमत्ता आकारणीची कायदेशीर तरतूद करण्याबाबत.

महोदय,

मी सांगलीच्या कापड पेठेतला एक व्यापारी आहे. कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ हा शहराचा जुना बाजार, आणि आजही लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या तालुक्यांतून माणसे येथेच येतात. बस्त्याला आलेले कुटुंब सहज पाच-सहा तास बाजारात असते. एवढ्या वेळात त्यातल्या बायकांना जाता येईल असे स्वच्छतागृह जवळपास सापडत नाही, गाडी लावायला जागा मिळत नाही. असे गिऱ्हाईक पुढच्या खेपेला शहराच्या विश्रामबाग भागातील दुकानांकडे वळले, तर त्याला दोष देता येणार नाही.

या सोयींसाठी पेठेतील व्यापारी मालमत्तांवर नेहमीच्या मालमत्ता कराखेरीज वेगळी आकारणी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एलबीटीला, म्हणजे पूर्वीच्या स्थानिक संस्था कराला, विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांपैकीच एकाने हे म्हणावे, याचे आपल्याला नवल वाटेल. तथापि वर्गणीने हे काम होत नाही. उत्सवाची वर्गणी जमते, कारण उत्सव थोड्या दिवसांचा असतो. वर्षभराची झाडलोट, दिवाबत्ती, स्वच्छतागृहाची देखभाल वर्गणीवर चालवली की देणारे थकतात आणि न देणाऱ्यालाही रस्ता तितकाच स्वच्छ मिळतो. सक्ती करावी, तर संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. म्हणूनच हे पत्र महापालिकेला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

सुधारणेमुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीचा हिस्सा मालकाकडून घेण्याचे तत्त्व आपल्या राज्याला नवे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नगररचना योजनांसाठी तशी तरतूद आहे. परंतु ती नव्याने आखलेल्या भूखंडांना शोभणारी आहे. शंभर वर्षांच्या पेठेची रोजची निगा तिच्यातून होणार नाही. कॅनडातील टोरंटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागातले गिऱ्हाईक मॉलकडे जाऊ लागले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांच्या मागणीवरून प्रांताने कायद्यात सोय केली आणि १९७० मध्ये अशा आकारणीचे पहिले क्षेत्र उभे राहिले. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्यात मला अधिक घेण्यासारखे दिसते. तेथे आकारणीपूर्वी मतदान होते. मतदारांच्या संख्येने आणि त्यांच्या मालमत्तांच्या करयोग्य मूल्याने, अशा दोन्ही मोजमापांनी बहुमत मिळाले तरच ती लागू होते, आणि पाच वर्षांनंतर पुन्हा मत घ्यावे लागते. त्यामुळे चार मोठी दुकाने लहानांवर निर्णय लादू शकत नाहीत आणि उलटही घडत नाही. जमा रक्कम वेगळ्या खात्यात राहते. वेगळ्या खात्याची ही अट आपल्या कायद्यात नसेल, तर या आकारणीला माझाही विरोध राहील.

खरी अडचण मात्र पैसे कोणी भरायचे, ही आहे. आमच्या पेठांत कित्येक दुकाने भाडे नियंत्रणाखालच्या जुन्या भाडेकरूंकडे आहेत. मालकाला मिळणारे भाडे नाममात्र, तर रस्ता सुधारल्याने वाढणारा धंदा भाडेकरूचा. अमेरिकेतल्यासारखी आकारणी जमीनमालकावर बसवली, तर ज्याला लाभ नाही तो भरेल आणि ज्याला लाभ आहे तो मतदानालाही नसेल. म्हणून आकारणी प्रत्यक्ष दुकान चालवणाऱ्यावर, दुकानाच्या क्षेत्रफळानुसार असावी आणि मतही त्यालाच असावे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा वाड्यांतील राहती जागा पूर्ण वगळावी.

रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांच्या नावावर मालमत्ता नसते, पण बाजार त्यांचाही आहे. सुधारणा म्हणजे त्यांना हुसकावणे असा अर्थ कोणी काढू नये, यासाठी पथविक्रेता अधिनियम, २०१४ खालील नगर पथविक्रेता समितीचे प्रतिनिधी व्यवस्थापनात असलेच पाहिजेत.

आणखी एक सांगणे अत्यंत आवश्यक आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी या शहरात शिरले. पूरनियंत्रण, नाले आणि मुख्य गटारे ही शासनाची व महापालिकेची जबाबदारी आहे. तिचा एक रुपयाही या आकारणीतून खर्च होऊ नये, आणि आकारणी सुरू झाली म्हणून महापालिकेने पेठेवरचा आजचा खर्च कमी करू नये, असे कायद्यातच लिहिलेले असावे.

अशा तरतुदीचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात आणि त्यांवरील एक सुनावणी सांगलीत, दुकानदार व भाडेकरूंना येता येईल अशा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
कापड पेठ, सांगली येथील एक व्यापारी