जलवाहिनीचा खर्च सदनिकांच्या प्रमाणात वाटा

घोडबंदर रस्त्यालगतच्या नव्या गल्ल्यांत मुख्य जलवाहिनी पोहोचली नसेल, तर प्रत्येक सोसायटीने गटाराशेजारून स्वतःची बारीक नळजोडणी ओढणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. पुरवठा ठरावीक तासांचा असतो. तो बंद झाला की नळीत निर्वात तयार होते आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. त्यापेक्षा एकच सामाईक वाहिनी टाकावी, तीही 100 नव्हे, 150 मिलिमीटर व्यासाची. तेवढ्याच दाबात ती जवळपास तिप्पट पाणी वाहते आणि खोदाईचा खर्च फारसा वाढत नाही.

खरा वाद पैशांचा. समजा, खर्च 12 लाख आणि सोसायट्या 60, 90 व 150 सदनिकांच्या. सदनिकेमागे 4 हजार धरल्यास वाटे 2.4, 3.6 आणि 6 लाख. पण पहिली सोसायटी सगळे पैसे भरते आणि नंतरच्या फुकट जोडून घेतात, हे सरळ अन्यायाचे आहे. उशिरा येणाऱ्याकडून वाटा वसूल करून आधी भरणाऱ्यांना परत देण्याची अट महापालिकेने मंजुरीपत्रातच घालावी. रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्कही अंदाजपत्रकात धरावे. नेमके तेच विसरले जाते. दाबचाचणी, म्हणजे वाहिनीत दाबाने पाणी भरून गळती तपासणे, झाल्याशिवाय चर बुजवू देऊ नये.

– एक वाचक, ठाणे