नोकरी न सोडलेल्यांचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही आठवडे नोकरी सोडून मनासारखं जगू लागलेल्यांच्या मुलाखती येत आहेत. मी त्या आवडीने वाचते. हेवाही वाटतो, लपवत नाही. पण प्रत्येक मुलाखतीत एक गोष्ट ओळीभरात उरकलेली असते. घरात दुसरा पगार होता, कर्ज फिटलं होतं, नाहीतर मुलं मार्गी लागली होती. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, ते पुरवणीची घडी घालतात आणि सोमवारी कामावर जातात. मी त्यांच्यातलीच. हिशेब विभागात २६ वर्षं झाली, सात बाकी आहेत. राजीनामा तीनदा लिहिला, दिला एकदाही नाही.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे ११ वर्षांपूर्वी, राजीनामा खणात ठेवून मी एक उद्योग केला. दोन आठवडे दर अर्ध्या तासाला काय केलं ते वहीत मांडलं. शेजारी एक खूण : हुशारी आली, जीव उबगला, की काहीच वाटलं नाही. आपण आकड्यांनाच विटलो आहोत, अशी माझी खात्री होती. वहीतून निघालं भलतंच. ताळा जुळवण्यात गेलेले तास उत्तम होते. एका आकड्याची चूक शोधता शोधता मी जेवणाची सुटीसुद्धा विसरले होते. जीव खात होतं ते तिसरंच काही : दर आठवड्याचा एक अहवाल, ‘माझं बिल कुठे अडकलंय’ असं विचारणारे दिवसभराचे फोन, आणि सुटायच्या वेळेला सुरू होऊन तासभर लांबणारी बैठक.

अहवालाचं आधी सांगते. तो नेमकं कोण वाचतं हे कुणालाच सांगता येईना, म्हणून एका आठवड्यात मी तो पाठवलाच नाही. कुणी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. (असं करा म्हणून कुणाला सांगणार नाही, मला त्या पंधरवड्यात झोप नव्हती.) शेवटी साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. शोध घेतल्यावर कळलं, तो अहवाल ज्यांनी मागवला होता ते अधिकारी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती! साहेब हसले आणि अहवाल बंद केल्याचं लेखी दिलं. आठवड्याचे साडेतीन तास सुटले. फोनसाठी दुपारी एक तास ठरवला आणि कोणतं बिल कुठल्या टेबलावर आहे याचा तक्ता रोज सकाळी सगळ्यांना पाठवायला लागले. फोन निम्म्याच्या खाली आले.

बैठकीवर मात्र मी चुकले. एक तास लवकर येऊन एक तास लवकर जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकायला लागले. तीन महिने छान गेले. मग शेजारच्या टेबलावरची सहकारी एक दिवस म्हणाली, “ताई, तुम्ही पाचला निघता ना, त्यानंतर तासभर मीच दोघींची असते.” ती भांडत नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. बैठकीत माझ्या वाटची उत्तरं ती देत होती आणि मी पाण्यात हात मारत होते. मग दोघी बसलो. ऑडिटच्या आक्षेपांना उत्तरं लिहायची म्हटली की तिच्या पोटात गोळा यायचा. मला ते कोडं सोडवल्यासारखं वाटतं. ते काम मी घेतलं, आणि बैठक सकाळी घ्या म्हणून साहेबांकडे दोघी मिळून गेलो. एक महिना करून पाहू, या बोलीवर ती सकाळी गेली आणि आजतागायत तिथेच आहे. सकाळी चहा व्हायचा असतो, त्यामुळे ती वेळेत संपते.

या खटाटोपाला नाव आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेतल्या एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन संशोधकांनी २००१ साली त्याला ‘जॉब क्राफ्टिंग’ म्हटलं. आपण ‘कामाला मुरड घालणं’ म्हणू. माणसं कामात तीन ठिकाणी फेरफार करतात, अशी त्यांची मांडणी : प्रत्यक्ष करायची कामं, कामातली माणसं, आणि त्या कामाकडे पाहण्याची नजर. त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांचा दाखला दिला आहे. काहींच्या लेखी काम म्हणजे नुसती झाडलोट; काहीजण मात्र रुग्णांशी बोलत, त्यांच्या कलाने वेळ सांभाळत आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असं मानत.

यातली तिसरी गोष्ट वरिष्ठांना फार आवडते, असं माझं निरीक्षण आहे. तिला खर्च नाही. प्रशिक्षणाला बोलावतात, ‘दृष्टिकोन बदला’ म्हणतात आणि टाळ्या घेतात. करायची कामं आणि वेळापत्रक जिथल्या तिथे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलं, की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. अशा माणसाला कामाचा अर्थ काय समजावणार? त्याचे तास कमी व्हायला हवेत, आणि ते त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा कामगार संघटनेचा पहिला करार १९१९ चा. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काला फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात जागा दिली. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांचे आठवड्याचे तास ४० वरून ३५-३६ वर आणले, पगार तोच ठेवून. बहुतेक ठिकाणी काम पूर्वीइतकंच किंवा जास्त झालं.

माझ्यासारखी टेबल-खुर्चीची नोकरी सगळ्यांची नसते, हेही मान्य. यंत्रापाशी किंवा पहाऱ्यावर उभा असलेला माणूस अहवाल बंद करू शकत नाही. पण त्याच्या पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लागला आणि आपापसात पाळी बदलायची मुभा मिळाली, तर त्याला मुलीच्या शाळेतला कार्यक्रम गाठता येतो. तक्ता आदल्या दिवशी लावण्यामागे बहुतेक वेळा आळसच असतो.

‘एकाला सवलत दिली की सगळे मागतील’ हे उत्तर मीही ऐकलं. मागू देत. सगळे मागायला आले, की निदान कोणती कामं कुणालाच नको आहेत याची यादी तरी तयार होते. आमच्या विभागात अशा यादीतली दोन कामं कायमची बंद झाली.

तेव्हा विनंती एवढीच, की पुरवणीत नोकरी सोडलेल्यांच्या जोडीला न सोडलेल्यांनाही जागा द्या. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : तुम्ही कोणतं काम करणं थांबवलंत, आणि ते आता कोण करतं? दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर तीन महिने उशिरा आलं होतं.

आपली,
हिशेब विभागातली एक वाचक