साठ टक्के सुतार

महोदय,

दोन वर्षांपूर्वी आपल्या दैनिकात चार ओळींची बातमी होती : शिरवळजवळ मोटारीची धडक, दुचाकीस्वार गंभीर जखमी. तो दुचाकीस्वार म्हणजे माझे मिस्टर. वय ३८, धंदा सुतारकी. डावा पंजा मनगटातून काढावा लागला. उजवा शाबूत राहिला म्हणून भेटायला येणारे 'नशीब' म्हणायचे. रंधा दोन हातांनी मारतात. पटाशीवर हातोडी घालायची तर पटाशी दुसऱ्या हातात लागते. साधा खिळा ठोकायचा झाला तरी तो धरणार कोण? आता आमचा सातवीतला मुलगा धरतो, आणि मिस्टरांचा हातोडी धरलेला हात भीतीने थांबतो.

मोटारवाले दवाखान्यात पाकीट घेऊन आले होते. सोबत सही करायला एक कागदही होता. आमच्या सासूबाईंनी चहा दिला, पाकीट परत दिलं.

अपघाताच्या भरपाईच्या दाव्याला आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, १ एप्रिल २०२२ पासून. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या भावाने सांगितलं नसतं, तर ड्रेसिंगच्या फेऱ्यांतच ती निघून गेली असती. अपघात सातारा जिल्ह्यात झाला, तरी राहत्या जिल्ह्यात म्हणजे सांगलीला दावा लावता येतो, हेही त्यानेच सांगितलं.

सरकारी दाखल्यावर अपंगत्व ६० टक्के लिहिलंय. विमा कंपनी म्हणते, मग कमाईही साठ टक्केच बुडाली. सुतार साठ टक्के कसा असतो? उरलेल्या चाळीस टक्क्यांत त्याने काय करायचं, नुसतं पॉलिश? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सांगितलंय की शरीराचे टक्के वेगळे आणि कमाईचे वेगळे. तिथे उदाहरणच सुताराचं आहे! डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं नुकसान जवळपास शंभर टक्के असू शकतं, ऑफिसातल्या कारकुनाचं तेवढं नसतं.

हा शब्दांचा खेळ नाही. महिना १८,००० धरले, वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या १५ च्या आकड्याने गुणलं, तर साठ आणि शंभर टक्क्यांत १२ लाख ९६ हजारांचा फरक पडतो. त्यात ते १८,००० तरी कसे सिद्ध करायचे? सुताराला पगाराची स्लिप कोण देतं? आमच्याकडे आहे ती गिऱ्हाइकांच्या हिशोबाची वही, अर्धी पेन्सिलीने लिहिलेली, आणि साक्षीला यायला कबूल झालेले दोन गिऱ्हाईक.

पुढच्या तारखेला डॉक्टरांची उलटतपासणी आहे. मिस्टर म्हणतायत, पिशवीत रंधा आणि एक फळी घेऊन जातो, त्यांनाच एका हाताने मारून बघू दे. वकील नको म्हणतात. मी अजून पिशवी रिकामी केलेली नाही.

– एका सुताराची पत्नी, तासगाव
(दावा चालू असल्याने कृपया नाव छापू नये.)