स्वस्त काडतुसांच्या डब्यावर सूचना हवी

कॅनडात हौस म्हणून नेमबाजी करणाऱ्या सामान्य माणसाचा सराव बराचसा स्वस्त परदेशी काडतुसांवर चालत आला आहे. मी कॅल्गरीत राहतो. सोव्हिएत घडणीची एसकेएस रायफल इथे अनेकांकडे आहे. तिची ७.६२ बाय ३९ मिलिमीटरची काडतुसं चीन, चेकोस्लोव्हाकियासारख्या देशांच्या जुन्या लष्करी साठ्यातून आली. सीलबंद पत्र्याचा डबा कापला की आत कागदात बांधलेल्या पुड्या. ही आयात थांबू नये, नाहीतर हा खेळ फक्त पैसेवाल्यांचा उरेल.

पण विक्रेत्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. अशा बऱ्याच जुन्या काडतुसांच्या बुडाशी दारू पेटवणारी जी छोटी टोपी असते, तिच्यातल्या रसायनामुळे बंदुकीच्या नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि गंज चढतो. नुसतं तेल पुसून भागत नाही, क्षार पाण्यानेच विरघळतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्याने नळीत डोकावून पाहिलं तर तांबूस थर! आता रेंजवरून आलो की आधी किटलीभर उकळतं पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. काडतुसं घेताना परवाना दाखवावाच लागतो. तशीच ही सूचना डब्यावर छापणंही सक्तीचं करावं.

– एक वाचक, कॅल्गरी, कॅनडा