चार तारा आणि न ऐकणारे गुरुजी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. "चारच तर तारा आहेत, त्यात आठ महिने काय शिकतोस?" हा तुझा प्रश्न वाचून आधी राग आला आणि मग हसू आले, कारण बेस गिटारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव नोंदवताना माझ्याही मनात नेमके हेच होते. तू इतकी वर्षे सहा तारांची गिटार वाजवतो आहेस, त्यामुळे बेस म्हणजे दोन तारा वजा केलेली गिटार असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. पत्राच्या शेवटी मात्र तू थोडे गंभीर होऊन विचारले आहेस की, हाच अभ्यासक्रम आपणही घ्यावा का आणि पडद्यावरच्या गुरुजींकडून वाद्य खरोखर शिकता येते का. त्याचे उत्तर हो-नाहीत देता येण्यासारखे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझ्या वजाबाकीचा हिशोब करू. बेसच्या ई, ए, डी, जी या तारा म्हणजे तुझ्या गिटारच्या चार जाड तारांचेच स्वर, पण पूर्ण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. इतका खर्ज निघावा म्हणून तारही जाड आणि लांब असते. सर्वसाधारण बेसवर तिची लांबी ३४ इंच असते, तर तुझ्या गिटारवर ती साडेपंचवीसच्या आसपास असेल. परिणाम असा की पहिल्या फ्रेटची (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) जागाच जवळपास पाच सेंटिमीटर रुंद असते आणि नटापासून, म्हणजे दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सात इंच भरते. पडद्यावरचे शिक्षक तेथे चार फ्रेटांवर चार बोटे अशी सहज पसरून ठेवतात की आपल्या करंगळीबद्दल आपल्याला लाज वाटावी. मी पहिले दोन आठवडे बोटे ताणून मनगट दुखवून घेतले. नंतर कळले की, व्हिएन्नात व्हायोलिनच्या कुळातला उभा डबल बेस शिकवणाऱ्या फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकातच यावर तोडगा काढून ठेवला होता. खालच्या जागांवर तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच वापरायची आणि अनामिकेने करंगळीच्या जोडीला राहून तिला बळ द्यायचे. मी ते सुरू केले आणि चार दिवसांत मनगटाची तक्रार थांबली. पाचव्या फ्रेटच्या पुढे जागा अरुंद होत जाते, तेथे मात्र एका फ्रेटला एक बोट ही रीत मलाही जमते. तुझे पंजे माझ्यापेक्षा लहान आहेत, तेव्हा ३० इंच लांबीच्या तारांचा आखूड बेस आधी हातात घेऊन पाहा.

अभ्यासक्रमाची रचना चांगली आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो. धडे लहान आहेत, हवा तो धडा हव्या तितक्या वेळा पाहता येतो, गती अर्ध्यावर आणता येते आणि मी सतराव्यांदा तेच विचारले तरी गुरुजींच्या कपाळावर आठी पडत नाही. अडचण याच सोयीत आहे. पहिल्या आठवड्यात मी अकरा धडे पाहिले, प्रत्येकापुढे हिरवी खूण उमटली आणि वाद्य मात्र फार तर तासभर हातात धरले असेल. समजले म्हणजे आले, असा एक गोड भ्रम पडद्यासमोर बसल्यावर होतो. आता मी नियम केला आहे की वीस मिनिटे वाजवल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही, आणि आठवड्याला एकापेक्षा जास्त नवा धडा नाही.

मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे. तिसऱ्या आठवड्यात सात मिनिटांचा एक धडा होता, विषय होता न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्याचा. मला तो कंटाळवाणा वाटला आणि मी खूण उमटवून पुढे गेलो. त्यानंतर तीन महिने मी हेडफोन लावून अभ्यासक्रमातल्या साथीच्या ध्वनिफितीबरोबर वाजवत राहिलो आणि ड्रम व कीबोर्डच्या गर्दीत माझा बेस मला फारच सुरेख वाटू लागला. एकदा सहज म्हणून साथ बंद करून केवळ माझे वाजवणे ध्वनिमुद्रित केले आणि ऐकले, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी पाण्याची मोटर चालू ठेवून गेले आहे असे वाटले. स्वर बरोबर होते, पण एकही स्वर संपत नव्हता. डी तारेवर बोट असताना सर्वांत जाड ई तार आपली घुमतच होती, बोट एका तारेवरून दुसरीवर गेले की मागची तार मोकळी होऊन बोलत होती आणि या सगळ्याचा मिळून एक चिखल झाला होता. तुझ्या गिटारवर अशी एखादी तार जास्तीची झंकारली तर ती कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांत, खपून जाते. खर्जात तसे होत नाही, तेथे दोन स्वर एकमेकांत मिसळले की दोन्हीही ओळखू येत नाहीत.

मग मी एका दुसऱ्या शिक्षकांकडे समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलवर एक तास घेतला. त्यांनी मला कोणतेही गाणे वाजवायला सांगितले नाही. एक स्वर वाजवायला सांगितला आणि म्हणाले, "आता थांब." मी थांबलो, पण वाद्य थांबले नाही. असे चार वेळा झाले. दोन मिनिटांत त्यांनी निदान केले की माझ्या उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या ध्वनिग्राहकावर, खिळा ठोकल्यासारखा एकाच जागी बसलेला आहे. पातळ तारेकडे जाताना अंगठ्यानेही बोटांबरोबर सरकायचे आणि मागे राहिलेल्या जाड तारांवर हलकेच टेकायचे. डाव्या हाताच्या बोटांचे सपाट भाग पातळ तारांना नुसता स्पर्श करून त्यांना गप्प ठेवतात. आणि स्वर संपवायचा असेल तेव्हा बोट उचलायचे नसते, दाब सोडून तारेवर तसेच ठेवायचे असते. हे सारे त्या सात मिनिटांच्या धड्यात शब्दशः सांगितलेले होते. मी परत जाऊन पाहिला, तेव्हा धडा उत्तम होता. गुरुजींना मी ऐकू येत नव्हतो, एवढीच त्यांची उणीव.

या शोधात एक गमतीची गोष्ट हाती लागली. अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, त्याला ते नाव मिळाले फ्रेटांमुळे, कारण फ्रेट नसलेल्या उभ्या बेसवर स्वर अंदाजाने शोधावा लागे आणि येथे तो नेमका सापडे. त्या जुन्या बेसच्या ब्रिजवरच्या (ब्रिज म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) झाकणाखाली तारा लवकर शांत व्हाव्यात म्हणून फोमचा तुकडा बसवलेला असे. मोटाऊन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन यांनी तो तुकडा तसाच राहू दिला होता आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरून ते सारे काही वाजवत. मी स्पंजचा एक तुकडा ब्रिजजवळ तारांखाली खोचून पाहिला आणि माझे वादन एका क्षणात दुप्पट समंजस झाले. अर्थात ही पळवाट आहे हे मला कळते, म्हणून आठवड्यातून एकच दिवस ती चैन करतो. आणि बोटांऐवजी पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पातीने, वाजवले तर बेसवाले नाक मुरडतात का, असे तू विचारले होतेस. अमेरिकी स्टुडिओवादक कॅरोल के मूळच्या गिटारवादक. एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणे पिकनेच वाजवली. तेव्हा तुझा पिक खुशाल आण.

सुरांचे गणित तुला तासाभरात कळेल, त्यावर मी फार लिहीत नाही. प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेचा मध्यम असल्याने पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर गेले की पंचम आणि आणखी एक तार ओलांडून त्याच फ्रेटवर वरचा षड्ज. सा-प-सा ही आकृती एकदा हाताला बसली की ती तशीच उचलून कोणत्याही पट्टीत ठेवता येते. तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेमधला, हा मध्यमाचा नियम मोडणारा तो वाकडा गाळा येथे नाही, याचा तुला हेवाच वाटेल.

लयीचे मात्र तसे नाही. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० वर लावून सेकंदाला एक स्वर वाजवणे यापेक्षा लाजिरवाणे काम मी अजून केलेले नाही. वेगात चूक लपते. संथ लयीत दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत हात घाबरतो आणि पुढचा स्वर लवकर येऊन पडतो. सध्या मी मेट्रोनोम ४० वर ठेवतो आणि त्याचे ठोके दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतात असे मानून ८० च्या लयीत वाजवतो. पहिली मात्रा आपली आपण धरावी लागते. पहिल्या दिवशी चार आवर्तनांत माझी सम हरवली होती, आता दोन मिनिटे टिकते.

साधनांविषयी दोनच सूचना. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस तपासू नकोस, कारण त्यातून ४१ कंपनांचा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वतः भरून काढतो आणि आपल्याला वाटते की ऐकू आला. दुसरे, हेडफोन तारेचाच घे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि आपली लय बिघडली या समजुतीने मी एक अख्खा आठवडा स्वतःला दूषणे दिली.

तेव्हा अभ्यासक्रम घे, पण दर पंधरा दिवसांनी साथ बंद करून दोन मिनिटे ध्वनिमुद्रित कर आणि मला पाठव. मीही माझे पाठवीन. गुरुजींना नाही, तरी आपल्याला एकमेकांचे ऐकू येते. कॉलवर एकत्र वाजवण्याचा प्रयत्न मात्र पुन्हा नको. मागच्या खेपेला आवाजाच्या उशिरामुळे मी तुझ्यासाठी थांबत होतो आणि तू माझ्यासाठी, आणि गाणे झोपेला आले होते.

तुझ्या त्या अर्धवट राहिलेल्या चालीची नुसती गिटार मुद्रित करून पाठव. सुरुवातीला चार रिकामे ठोके ठेव आणि लय किती ते लिहून कळव. ती १०० च्या वर असेल तर कृपया थोडी कमी कर. दुसऱ्या कडव्याआधी तू जी दोन मात्रांची जागा मोकळी सोडतोस, तेथे मला काहीही वाजवायचे नाही. तीन आठवड्यांपासून मी तेवढ्याच जागेचा सराव करतो आहे.

तुझाच,
चार तारावाला